पंप बदलला कुणी?

साडूने प्रेशर वॉशर धुऊन-पुसून परत आणून दिला, तिथेच ऑडिटरसाहेबांच्या मनात पाल चुकचुकली. मागून नेलेली वस्तू माणूस चकचकीत करून कधी देतो? काहीतरी लपवायचं असेल तेव्हाच!

“अहो, साधा माणूस आहे तो,” बायको म्हणाली.

“साधेच तर चोर निघतात!” साहेबांनी बाह्या सरसावल्या. “गाडी धुवायला घेतो, मग बघ. मशीनमध्ये काही फेरफार असला ना, तर माझ्या नजरेतून सुटायचा नाही!”

त्यांनी नळाला पाइप जोडला, गाडी हाताशी येईल अशी पुढे घेतली, मशीनच्या टाकीत पेट्रोल ओतलं आणि दोरी खेचली. इंजिन वाघासारखं गुरगुरलं. साहेबांनी ऐटीत बंदूक रोखून ट्रिगर दाबला. पाणी आलं ते सर्दी झालेल्या पोराच्या नाकासारखं!

“पंप बदललाय!” साहेब गरजले.

मग तपास सुरू झाला. पाण्याची जाळी काढून फुंकली. नोझलच्या भोकात टाचणी घातली. पेट्रोल हुंगून झालं. धार काही वाढेना. शेवटी साडूला फोन लावला.

“बोला साडूभाऊ! मशीन नीट चालतंय ना?”

साहेबांनी फोनवर हात ठेवला. “ऐकलंस? मी अजून तोंडही उघडलं नाही, आणि हा मशीनचं विचारतोय!”

बिचारा साडू ऑफिसला निघाला होता, तो तसाच इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात आला.

“माझ्याकडे तर भिंतीवरचं शेवाळ सोलून काढत होतं हो! तुम्ही काही उघडलंत का?”

“मी? म्हणजे उलट माझ्यावरच?”

“तसं नव्हे. हा दाबाचा नॉब थोडासा आवळून बघू या.”

“थोडासाच का?” साहेबांनी डोळे बारीक केले आणि नॉब शेवटपर्यंत पिळला. धार तशीच. “झालं समाधान? आता खरं बोला, आमचा पंप कुठंय?”

“साडूभाऊ, शोभतं का हे तुम्हाला?”

दोघांचे आवाज इंजिनाच्या वर गेले. तेवढ्यात बायको पर्स घेऊन तरातरा बाहेर आली. “चालू द्या तुमचं! मी ताईकडे चालले.” गाडीत बसली आणि तिने गाडी झपकन मागे घेतली.

चाकाखाली दबलेला पाइप मोकळा झाला.

साहेबांचं बोट ट्रिगरवरच होतं. बंदुकीने असा हिसका दिला, की धार थेट फुलांच्या वाफ्यात घुसली आणि अख्खा वाफा उडून दोघांच्या अंगावर आला! साडूने चाचपडत इंजिन बंद केलं.

“अहो, पाइपवर चाक होतं तुमचं!” खिडकीतून आवाज आला आणि गाडी फाटकाबाहेर पडली.

साडूच्या शर्टात पांढरी उरली होती ती फक्त कॉलरची एक कड.

“आत चला,” साहेब पुटपुटले. “टॉवेल देतो.”

दाराला कुलूप होतं.

साडूने मिशीतला चिखल निपटला आणि पायरीवर बसकण मारली. “हे कुलूपही मीच बदललं असेल, नाही का?”