युरोपला न गेलेले कारखानीस

कारखानीसांना युरोपची खडान्‌खडा माहिती होती, आणि पासपोर्ट नव्हता.

चंदीगडला आमच्या सेक्टर अठ्ठेचाळीसच्या सोसायटीत कुणी युरोपला निघालं, की कारखानीस दारात हजर. पहिला प्रश्न, "गुडघे कसे आहेत?" दुसरा, "बॅगा किती?" ही दोन उत्तरं मिळाल्याशिवाय विमानाचा पास, स्वस्त विमान की रेल्वे, यावर ते तोंड उघडत नसत. उघडलं, की मग मिटत नसे.

विमान कंपन्यांचे पास, म्हणजे एकरकमी पैसे भरून चार-पाच उड्डाणं, ते थाळीच्या भाषेत समजावत. चार वाट्या संपवणार असाल तर थाळी परवडते. एकच गाव बघायचं आणि पास काढायचा, म्हणजे वरणभात खाऊन थाळीचं बिल भरायचं. स्वस्त विमानांवर त्यांचा विशेष राग. अपनी मंडीत, म्हणजे आमच्या आठवडी बाजारात, एखाद्याने फ्लॉवर फुकट द्यावा आणि पिशवीचे, कोथिंबिरीचे, तराजूला हात लावल्याचे पैसे घ्यावेत, तसा तो धंदा.

"आणि उतरवतात कुठे? तिकीट पॅरिसचं, सोडतात पॅरिसच्या मामाच्या गावाला. आपलंच बघा ना. गच्चीवरून विमानाची चाकं दिसतात, पण बसायला जायचं तर सगळ्या मोहालीला प्रदक्षिणा. रेल्वे गावाच्या पोटात नेऊन सोडते. पक्का."

हा 'पक्का' त्यांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी इथेच उचलला. आपलं चंदीगडचं स्टेशन तर जवळजवळ पंचकुल्यात, म्हणजे शेजारच्या गावात आहे, असं कुणी म्हणालं, की तेवढ्यापुरतं त्यांना ऐकू येत नसे.

मूळचे ते सांगलीचे, माझ्यासारखेच केंद्र सरकारच्या बदलीवर इथे आलेले. तेव्हा मराठी कुटुंबं थोडी होती. कुणाची बदली झाली की इथलं सगळं मराठी मंडळ स्टेशनवर जाई. पुरीभाजीचे डबे, खिडकीतून आत दिलेले फिरकीचे तांबे, पोरांची रडारड. कारखानीस आणि नलिनीवहिनी सगळ्यांच्या आधी पोहोचलेले असत आणि सगळ्यांच्या नंतर परतत. पुढे लोक विमानाने जाऊ लागले, ती जत्रा बंद पडली. वहिनीही गेल्या. मूलबाळ नव्हतं. उरला तो युरोप.

आता मूळ गोष्ट. आमच्या मंडळात वर्षानुवर्षं सांगत, की कारखानीसांच्या सल्ल्यापायी दातारांची युरोपची सहल फसली. दातार म्हणजे मी. ती गोष्ट खोटी आहे, आणि ती मीच पसरवली.

आमचा निखिल ब्रसेल्सला असतो. तिथून मी आणि सुमती इटलीला जाणार होतो. कारखानीसांनी कितीतरी संध्याकाळी आमच्या गॅलरीत बसून बेत आखला. सुमतीच्या गुडघ्यांसाठी रेल्वेच, मध्ये स्वित्झर्लंडमध्ये एक मुक्काम. निखिल फोनवर हसला. "पापा, फ्लाइट आधे में मिल रही है यार. ट्रेन से कौन जाता है?" मलाही ते पटलं. कारखानीसांना न सांगता मी विमानाची तिकिटं काढली.

पुढे सगळं त्यांनी सांगितलं होतं तसंच झालं. बॅगेचे वेगळे पैसे भरले. विमानापर्यंत चालून सुमती थकली. उतरलो ते भलत्याच गावी, तिथून बस. तिचे गुडघे असे सुजले, की इटलीत तिने पाहिलं काय, तर हॉटेलातली बादली आणि तिच्यातलं गरम पाणी.

परतल्यावर गणपतीत सगळे विचारू लागले. निखिलही आला होता. सुमती बसचा त्रास सांगत होती. पैसे वाचवल्याची बढाई मी आधीच मारून ठेवलेली, विमानाचं नाव न काढता. आता चूक कबूल करवेना, म्हणून म्हणालो, "कारखानीसांचं ऐकलं, दुसरं काय." सगळे हसले. कारखानीस समोरच प्रसादाची सफरचंदं चिरत होते. त्यांनी पुढचं सफरचंद घेतलं.

त्यानंतर त्यांना कुणी विचारेनासं झालं. पोरं फोनवर तिकिटं काढत आणि जाता जाता चिडवत, "कारखानीसकाका, इथे शेजारी मुल्लानपूरला चाललोय, पास काढू का?" ते हसत. पण बागेतल्या बाकावर त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली.

या हिवाळ्यात मी त्यांच्याकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. ते चहात आलं किसत होते.

"ठाऊक होतं," ते म्हणाले. "सुमतीवहिनी म्हणाल्या ना, बसने गावात आलो. मी सांगितलेली गाडी तर गावातच थांबत होती."

"मग तेव्हाच का बोलला नाहीत?"

"निखिल शेजारी बसला होता. पोरासमोर बापाला खोटं पाडायचं?"

 काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, की रेल्वेचा एवढा आग्रह कशासाठी. त्यांनी चहा गाळला, कप माझ्यापुढे सरकवला.

"नलिनीला तिच्या भावाने उपचाराला पुण्याला नेलं, विमानाने. विमानतळाच्या दारावरच्या जवानाने मला तिकीट विचारलं. तिची पिशवी माझ्याच हातात होती, ती भावाने घेतली. झालं. स्टेशन असतं तर खिडकीशी उभा राहिलो असतो, गाडी सुटेपर्यंत."

नलिनीवहिनी पुण्याहून परत आल्या नव्हत्या.

मंडळाच्या पुढच्याच बैठकीत मी उठून खरं काय ते सांगितलं. लोक मला हसले, ते बरंच झालं.

गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा ब्रसेल्सला निघालो. विमान दिल्लीहून होतं. दिल्लीपर्यंत इथूनही विमान मिळतं, पण मी रेल्वेची तिकिटं काढली आणि कारखानीसांना गाडीची वेळ सांगितली. ते डबा घेऊन आले. डबा दिला, बॅगा वर ठेवून दिल्या, मग फलाटावर जाऊन उभे राहिले.

वातानुकूलित डबा, काळसर काच. बाहेरून आतलं काही दिसत नाही. त्यांनी आमची समजून आमच्या पुढची खिडकी धरली आणि तिलाच हात हलवू लागले. सुमतीने काच वाजवली, पण ऐकू जाईना. त्या खिडकीशी एक म्हातारे सरदारजी बसले होते. त्यांनी आधी मागे वळून पाहिलं, मग बाहेर पाहिलं, मग हात वर केला.

गाडी हलली. कारखानीस त्या खिडकीबरोबर चालू लागले. फलाट संपेपर्यंत सरदारजींनी हात खाली घेतला नाही.