भाच्याची वरात आणि सरकणारा क्रँकशाफ्ट

"मेस्त्री कशाला हवा? मी आहे ना!" असं मी भाच्याला सांगितलं तेव्हा माझ्या हातात राकियाचा, म्हणजे आमच्या घरगुती दारूचा पेला होता, हे खरं. पण मी पूर्ण शुद्धीत होतो. जन्मभर शहरात पाण्याचे पंप दुरुस्त केलेला माणूस मी. गाडीचं इंजिन म्हणजे तरी काय? पाण्याऐवजी पेट्रोल पिणारा पंप!

गाडी माझ्या मेव्हण्याची, दागोमिरची. तो गेल्यापासून ती कोठारात पडून होती आणि कोंबड्यांनी मागच्या सीटवर संसार थाटला होता. स्त्राहिन्याचं लग्न ठरलं तेव्हा पोरगं म्हणालं, "मामा, नवरी आणीन तर बाबांच्याच गाडीतून." मग काय, मी बाह्या सरसावल्या आणि इंजिन उतरवलं.

काम झकास चाललं होतं. क्रँकशाफ्ट पुढेमागे सरकू नये म्हणून त्याला चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन चकत्या बसवतात. त्या मी हातात घेतल्या आणि तेवढ्यात माझी बहीण रादोयका धावत आली.

"दादा, ठेव ते खाली! कॅलेंडरात आज लाल अक्षर आहे. संत इलियाचा दिवस! आज हत्यार धरलं तर घरावर वीज पडेल!"

बहिणीशी आणि संत इलियाशी एकाच वेळी कोण भांडणार? चकत्या हातात घेऊनच मी स्वयंपाकघरात गेलो. पेला धरायला हात मोकळा हवा, म्हणून त्या संताच्या तसबिरीखालच्या फळीवर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी ताज्या डोक्यानं कामाला लागलो. डोकं इतकं ताजं होतं की कालचं त्यात काहीच उरलं नव्हतं.

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली! सगळ्या आळीनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

पण वरातीच्या दिवशी सकाळी मी क्लच दाबला, तर आतून 'टक्' असा आवाज आला आणि इंजिन कण्हायला लागलं. पाय काढला की ठीक, दाबला की पुन्हा 'टक्'!

"वारा लागला असेल," रादोयका म्हणाली. "कोठाराचं दार उघडं होतं रात्रभर." आमच्याकडे मान अवघडण्यापासून घटस्फोटापर्यंत सगळं वाऱ्याच्या झोतामुळेच होतं. मी हसलो. पण दार लावून घेतलं.

शेजारच्या मिलोयेनं बॉनेटमध्ये डोकं घातलं. "दाब क्लच. सोड. दाब. आई गं! बुदिमिर, पुढची पुली बाहेर येतेय आणि आत जातेय!"

"म्हणजे?"

"म्हणजे तुझा क्रँकशाफ्ट सरकतोय! त्यानं जागेवर फिरायचं असतं, बाहेर फिरायला जायचं नसतं! चंद्रकोरी बसवल्यास का?"

ते ऐकताच रादोयका आत जाऊन आली. तिच्या तळहातावर दोन चकत्या चांदीसारख्या लखलखत होत्या.

"या होय? मला वाटलं तू नवसाच्या वाहिल्यास. मी रोज पुसून त्यांच्यापुढे दिवा लावते!"

आता इंजिन पुन्हा उतरवायला वेळ कुठला? मिलोये म्हणाला, "क्लच दाबू नकोस. दरवेळी शाफ्ट पुढे ढकलला जाऊन घासतोय. गिअर टाकूनच किल्ली फिरव. थांबायचं तर उतारावर थांब. चढावर या गाडीचा स्टार्टर हात टेकेल."

"मामा, नेशील ना?" स्त्राहिन्याचा चेहरा पडला होता.

"नेतो म्हणजे काय! बस!"

निघालो. मागे वीस-पंचवीस गाड्यांची वरात, हॉर्नचा नुसता गोंगाट. पुढच्या गाडीला कुणी ओलांडायचं नाही, अपशकुन होतो. नवरीचं घर दिसलं आणि मला घाम फुटला. फाटक ऐन चढावर! फाटकात व्याही ग्वोझ्देन पेला उंचावून उभे, शेजारी अकॉर्डियनवाला, वर काठीच्या टोकाला नवऱ्या मुलानं बंदुकीनं पाडायचं सफरचंद.

मी हात हलवला आणि पुढे गेलो.

"मामा! घर मागे राहिलं!"

"दिसलं रे मला! उतार शोधतोय!"

चर्चला वळसा घालून परत आलो. मागे सगळी वरात, हॉर्न वाजवत. दुसऱ्या फेरीला व्याह्यांचा पेला खाली आला होता. तिसऱ्या फेरीला अकॉर्डियन थांबलं.

"पसंत नसेल तर तोंडानं सांगा!" व्याही ओरडले. "प्रदक्षिणा कसल्या घालताय!"

खिडकीत नवरी रडत होती. स्त्राहिन्या रडकुंडीला आला. "मामा, दाब तो क्लच! माझं लग्न मोडतंय!"

"गाडी तुझ्या बापाची आहे!" मी म्हणालो. काहीतरी म्हणायला हवं होतं.

चौथ्या फेरीला ग्वोझ्देन हात पसरून रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. माझे दोन्ही पाय आपोआप दाबले गेले. ब्रेक लागला. क्लचही लागला. आत 'खाडकन्' झालं आणि इंजिन कायमचं गप्प झालं.

व्याह्यांना सगळं समजावून सांगायला एक बाटली लागली. नवरी पोटभर हसली, स्त्राहिन्यानं सफरचंद पाडलं आणि ग्वोझ्देननी आपला ट्रॅक्टर काढला. दोर बांधताना म्हणाले, "मुलगी दिली ती दिली, वर ओढूनही देतोय. एवढं कोण करतं!"

अशी आमची वरात बैलगाडीच्या चालीनं घरी पोचली. दारात रादोयका नवरीनं उधळायच्या गव्हाची चाळण घेऊन उभी होती. पुढे ट्रॅक्टर, मागे दोर, दोराला गाडी, गाडीत नवरा-नवरी. तिच्या डोळ्यांना धार लागली. मी मान खाली घालून गेलो.

"रादोयके, माफ कर गं. मी वाट लावली."

"छे रे दादा! तू शहरात होतास, तुला काय माहीत!" ती डोळे पुसत म्हणाली. "विकत घेतली त्या दिवसापासून दागोमिर ही गाडी अशीच घरी आणायचा. कुणाच्या ना कुणाच्या ट्रॅक्टरमागे! अगदी तोच आल्यासारखं वाटलं बघ मला."

तोवर मी गाडी नव्यासारखी केली असं सांगत फिरत होतो. हल्ली 'जशीच्या तशी' केली म्हणतो.