ऐन वेळचा विषय

पाठारे काकांच्या गाडीत बसलं की आधी सभा भरते. सगळ्यांचे पट्टे लावून झाले की ते मागे वळून बघतात आणि म्हणतात, "गणसंख्या पूर्ण आहे. सुरू करू." मग किल्ली फिरते.

नेदरलँड्समधल्या झूटरमेरच्या आमच्या इमारतीत ते वरच्या मजल्यावर राहतात. फार वर्षांपूर्वी ठाण्याहून आले. तिथे सोसायटीचे सेक्रेटरी होते. देश बदलला, भाषा बदलली, सेक्रेटरीपण काही सुटलं नाही. जिन्यात कुंड्या ठेवायच्या का, यावर त्यांनी आमच्या डच शेजाऱ्यांनासुद्धा हात वर करायला लावले आहेत. नको तो मुद्दा कुणी काढला की "विषयपत्रिकेवर नाही" म्हणतात आणि चहा ओततात. काकू गेल्यापासून ते एकटेच असतात. भाजी कुठली करायची याचाही ते स्वतःशी ठराव मांडत असणार, असं माझी बायको रेवती म्हणते.

पहिला लॉकडाऊन उठला तेव्हा घरात बसून आम्ही सगळे आंबलो होतो. त्या उन्हाळ्यात जगभर लोक समान हक्कांसाठी रस्त्यावर उतरले होते, आणि इथेही पुतळ्यांवरून वाद पेटले होते. काकांनी जाहीर केलं, "या देशात माणसाचे हक्क कुठे तुडवले आणि कोण त्यासाठी भांडलं, ते शनिवार-रविवारी बघून यायचं." सूचक तेच. अनुमोदन दिलं माझ्या मित्रानं, शैलेशनं, कारण त्याला कुठेही का होईना, पण बाहेर पडायचं होतं.

काका, शैलेश, रेवती आणि मी, चौघंही मास्क लावून, खिडक्या सताड उघड्या टाकून निघालो. पुढच्या सीटवर सर्वांचा समान हक्क, म्हणून प्रत्येक थांब्याला जागा बदलायची. गाणी बहुमतानं. मिडलबर्गच्या अलीकडे रेवतीनं शौचालयासाठी थांबण्याची सूचना मांडली. शैलेशनं उपसूचना मांडली की तिथे कॉफीही चांगली हवी. त्यावर साधकबाधक चर्चा झाली, मतं समसमान पडली आणि अध्यक्ष निर्णायक मत देईपर्यंत तो फाटा मागे पडला. पुढे बराच वेळ रेवती सभागृहाशी बोलली नाही.

मिडलबर्गला गुलामांच्या व्यापाराचं स्मारक आहे. आफ्रिकेतून माणसं उचलून विकणारी जहाजं या गावातूनही सुटायची. स्मारकापाशी काकांनी बूट काढून बाजूला ठेवले. एका डच आजींनी काळजीनं विचारलं, पाय दुखतात का? "आमच्याकडे असंच असतं," काका म्हणाले, आणि पाटीवरची अक्षर न् अक्षर आम्हाला मराठीत वाचून दाखवली. आजी बराच वेळ त्यांच्या मोज्यांकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी अ‍ॅमस्टरडॅम. तिथे कालव्याकाठी गुलाबी दगडाचे त्रिकोण आहेत. पुरुषानं पुरुषावर, बाईनं बाईवर प्रेम केलं म्हणून ज्यांचा छळ झाला, त्यांचं ते स्मारक. ही जागा यादीत काकांनीच घातली होती, पण तिथे त्यांनी काहीच वाचून दाखवलं नाही. पायरीवर पाण्याकडे तोंड करून बसून राहिले. शैलेश म्हणाला, ऊन लागलं असेल.

तिथून ड्रेंथ प्रांतातल्या रानातली नाझींची छावणी. इथून ज्यूंना आगगाडीत भरून मरायला पाठवलं. बाहेर आलो, गाडीत बसलो, पट्टे लावले, तरी काका किल्ली फिरवेनात.

"ऐन वेळचा एक विषय आहे," ते म्हणाले.

"अध्यक्षांच्या परवानगीने," शैलेशनं सवयीनं जोड दिली. काका हसले नाहीत.

"अनीश इथून जवळ आहे. ग्रोनिंगनला."

अनीश त्यांचा मुलगा. तिथल्या विद्यापीठात संशोधन करतो, एवढंच आम्हाला माहीत होतं. तो घरी का येत नाही असं विचारलं की चहा यायचा.

"रुबेन म्हणून मुलगा आहे, त्याच्याबरोबर राहतो. अनीशनं मला सांगितलं तेव्हा मी म्हणालो, नामंजूर. पोटच्या पोराला! तो उठून गेला. मार्चमध्ये दोघं तापानं फणफणले होते, तेही मला परक्याकडून कळलं." काका स्टिअरिंगकडे बघत होते. "स्मारकं बघायची होतीच रे. पण एकट्यानं जायची हिंमत होत नव्हती. त्यानं दार लावून घेतलं तर?"

रेवतीनं पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली.

"काका, प्या आणि गाडी काढा," ती म्हणाली.

ग्रोनिंगनला दारापुढे सायकलींची ही गर्दी. अनीश खाली आला, त्याच्यामागे ताडमाड उंच रुबेन. दीड मीटर अंतराचा नियम होता, त्यामुळे बापलेक फुटपाथच्या दोन कडांना उभे.

"बाबा, आलात तुम्ही," अनीश म्हणाला.

"बारीक झालास," काका म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाकडे मांडायला मुद्दा नव्हता. मग ते रुबेनकडे वळले आणि सरळ मराठीत सुरू झाले. "हा लहानपणापासून झोपेत पांघरूण फेकतो. रात्री उठून घालत जा त्याच्या अंगावर. आत्ता मार्चमध्ये तापातून उठलाय."

रुबेननं अनीशकडे पाहिलं. अनीश कानापर्यंत लाल झाला, पण त्यानं शब्दन् शब्द डचमध्ये सांगितला. रुबेन हसला आणि काहीतरी म्हणाला.

"बाबा, तो म्हणतोय, रोजच घालतो."

काकांनी मान हलवली. "याची आईपण घालायची," ते म्हणाले, आणि मास्क पार डोळ्यांपर्यंत वर ओढून घेतला.