भास्करकाकांची सातवी तार

मे महिन्याच्या दुपारी नागपुरात कूलर बंद करून, खिडक्या लावून, मुद्दाम घाम गाळत बसणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. तो आमच्या शेजारी राहतो. "कूलर बेसूर आहे गा," भास्करकाका म्हणतात, "त्याच्यासंग मले वाजवता येत नाही." बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत असतं आणि आत हा माणूस बनियनवर, मांडीवर गिटार आडवी घेऊन, तिच्या तारांवर लोखंडी दांडी घासत असतो.

गिटार रेझोनेटर जातीची. म्हणजे तिच्या पोटात ॲल्युमिनियमची पातळ थाळी बसवलेली असते आणि तिच्यामुळे आवाज घुमतो, असं म्हणतात. काकांची गिटार मोबाइलवरून मागवलेली, सगळ्यात स्वस्तातली. तिचा आवाज जर्मनच्या डब्यात खडे हलवल्यासारखा येतो. मी तसं एकदा बोलून दाखवलं. काका रागावले नाहीत.

"आवाजाचं सोड. एक तार कमी आहे तिले."

काकांना प्रत्येक गोष्टीत एक कमीच दिसतं. आमच्या फ्लॅट स्कीमच्या जिन्याला एक पायरी कमी, तर्री-पोह्यावर तर्रीचा एक चमचा कमी, माझ्या लग्नाच्या फोटोत एक माणूस कमी. त्यामुळे तारेचं मी मनावर घेतलं नाही.

"काका, गिटारला सहाच तारा असतात."

"असतीन. माह्या बापाच्या मागावर एक धागा तुटला तं अख्ख्या लुगड्यात रेघ दिसे. तुले का समजते त्यातलं."

काकांचे वडील कोष्टी, हातमागावर लुगडी विणायचे. काका स्वतः सावनेरकडे कोळसा खाणीच्या ऑफिसात नोकरी करून निवृत्त झाले. गिटार त्यानंतरची.

सातवी तार कशाला हवी, ते मला काकूंच्या खोलीत गेल्यावर कळलं. काकूंना लकवा झाला, तेव्हा उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. पूर्वी भजनी मंडळात त्यांचा आवाज सगळ्या बायकांच्या खाली, जोत्यासारखा भक्कम असायचा. आता अधूनमधून घशातून एक हुंकार तेवढा यायचा, तोही नेहमी एकाच सुरात. तो सूर गिटारच्या सगळ्यात जाड तारेच्याही खाली होता. काकांनी ती तार ढिली करून पाहिली, तर ती नुसती फडफडली.

"तो सूर मले या डब्ब्यात सापडतच नाही," काका म्हणाले. "आन् आताशा तो बी कमी होऊन राहिला. बंद झाला तं मी कशाशी जुळवू?" मग माझ्याकडे बघून, "सातव्या खुंटीसाठी हिच्या मुंडक्यात एक भोक पाडून दे. तू इंजिनीअर आहेस ना?"

मी इंजिनीअर आहे, पण पाण्याच्या टाक्यांचे नकाशे काढणारा. माझ्या हातून भिंतीत एकही खिळा सरळ गेलेला नाही. आमच्या घरातले सगळे फोटो एकाच बाजूला कललेले आहेत, आणि बायको म्हणते, निदान त्यात एकी आहे. तरी मी धरमपेठेतल्या वाद्यांच्या दुकानातून एक खुंटी आणि एक जाड तार आणली. दुकानदारानं विचारलं, "सातवी कशाले?" मी सांगितलं, "एक कमी आहे." त्यानं पुढे काही विचारलं नाही.

गिटारचं पुढचं पॉलिश खरचटू नये म्हणून मी ती गादीवर पालथी घातली. एवढी अक्कल मी त्या दिवशी दाखवली.

"जाड तारेच्या बाजूनं, बरं का," काका म्हणाले.

"माहीत आहे मला."

ड्रिल फिरलं. भोक सुरेख पडलं. गोल, सरळ, माझ्या आयुष्यातलं पहिलंच. मग गिटार सुलटी केली, तर ते बारीक तारेच्या बाजूला. रोज आरशात बघून दाढी करणाऱ्या माणसाला उजवं-डावं एवढं तरी कळायला हवं होतं.

काका बराच वेळ त्या भोकातून पलीकडे बघत राहिले. "काहून गा, तुह्या टाक्यांतलं पाणी तरी खालीच पडते ना?"

मी म्हणालो, दुसरं पाडतो. पण स्वस्तातलं लाकूड, भोकापासून एक चीर आधीच निघाली होती. "राहू दे. मुंडकंच हातात येईन." मग सगळंच त्या बाजूला करावं लागलं: घोडीवर खाच, तारा अडकवायच्या खालच्या पत्र्याला भोक. जी जाड तार काकांच्या पोटाशी यायची, ती बारीक तारेच्याही पलीकडे, त्यांच्यापासून सगळ्यात लांब गेली.

दुपारी काका काकूंच्या पलंगाला खुर्ची लावून बसले. काकूंना उशांना टेकवलं होतं. तार त्यांच्या हुंकाराशी जुळवायची होती, म्हणून आम्ही हुंकाराची वाट बघत राहिलो. काकू छताकडे बघत होत्या.

"शकू, कर ना वं एकदा."

काही नाही. आम्ही तिघंही घामानं निथळत होतो. शेवटी काकांनी डोळे मिटून, आठवणीवरून ती तार लावली. "असाच होता," म्हणाले. त्या 'होता'नंतर मी उगाच ड्रिलची वायर गुंडाळायला घेतली.

काकांनी सहा तारांवर काकूंच्या भजनातली एक ओळ वाजवली, डब्यातल्या खड्यांसकट. ओळ संपली, तसा काकूंचा डावा हात चादरीवरून हळूहळू सरकला. गिटारची पलीकडची कड त्यांच्याकडेच होती. बोटाला जी तार पहिली लागली, ती त्यांनी ओढली. जाड होती. थाळी घुमली, आणि बराच वेळ घुमत राहिली.

काका त्यांच्याकडे बघेनात. माझ्याकडे बघून म्हणाले, "थोडी उतरली आहे." आणि खुंटीला हात लावून बसले. पिळली मात्र नाही.

हुंकार त्यानंतर कधीच आला नाही. दुपारी भिंतीपलीकडून एक ओळ ऐकू येते, मग शांतता. त्या शांततेत कधीतरी जाड तार वाजते. बहुतेक दिवशी वाजत नाही. काकांचा हात तिथवर सहज पोचतो, पण ती तार ते स्वतः वाजवत नाहीत. थांबतात. मी जेवत असलो तर घास हातात धरून मीही थांबतो. मग कधीतरी पुढची ओळ सुरू होते.