बारसं राहिलेलं झाड

नाना परब सकाळी चाळीच्या नळावर बादली घेऊन उभे राहायचे, पण ते पाणी भरायला नव्हे. तांदूळ धुतलेलं पाणी कुणी मोरीत ओतलं की त्यांचा जीव हळहळायचा. "वहिनी, धुवण!" या त्यांच्या हाकेनेच आमची ही जागी होई.

कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवणारा हा कोकणी माणूस. व्यायामशाळेतले चार गडी हाताशी धरून रविवारच्या सुट्टीत त्यांनी लालबागच्या आमच्या रस्त्यावर एकेक करत सात झाडं लावली. चाळीत मूल जन्मलं की एक झाड, आणि झाडाला नाव त्या मुलाचंच. "तुमच्या शशीला दोन पानं फुटली," असं ते मला भर जिन्यात सांगत. आमच्या पाहुण्यांना वाटे, पोरीला काही तरी रोग झालाय.

एकदा त्यांनी गावच्या रीतीने झाडांना मासे धुतलेलं पाणी घातलं. गावच्या माडाला ते मानवत असेल. इथे लालबागमधली यच्चयावत मांजरं जमली आणि त्यांनी मुळं उकरून काढली. मग नानांनी रजा काढून सगळ्या झाडांना बांबूचे पिंजरे बांधले.

सातव्या झाडाला मात्र नाव नव्हतं. विचारलं तर "त्याचा बारसा होवचा आसा," एवढंच म्हणत. आम्ही हसायचो.

मग संयुक्त महाराष्ट्राची धामधूम सुरू झाली. नाना सत्याग्रहात तुरुंगातही जाऊन आले. एका दुपारी रस्ता अडवायला सामान हवं होतं, तेव्हा त्यांनी स्वतःच सहा पिंजरे उपटून दिले. सातव्याला मी हात घातला, तर माझं मनगट धरलं.

"नाना, मुंबई हातची चाललीय, आणि तुम्ही एका झाडाचं काय घेऊन बसलात?"

"माझा चेडू धाव्या दिसाक गेला रे," ते हळू म्हणाले. "बारशाक दोन दिस होते. नावच ठेवूक गावला नाय."

मी पिंजरा सोडला. दहा दिवसांची लेक गेलेल्या माणसाला इतकी वर्षं हसलो, त्याची लाज वाटली.

संध्याकाळी पोलिसांनी लाठ्या चालवल्या, त्या पळापळीत सहाही झाडं पायांखाली गेली, आमच्या शशीचंसुद्धा. सकाळी नाना नळावर आले, पण त्यांना हाक मारवेना. सहाही घरांतल्या बायकांनी न सांगता धुवण आणून ओतलं. बादली काठोकाठ भरली. उरलेल्या झाडाला नानांनी तांब्याभरच घातलं; जास्तीने मुळं कुजली असती. मग ती भरलेली बादली पुढ्यात घेऊन ते तिथेच बसून राहिले.