टर्बाइनच्या हवेतले गुलाब

कंपनीत त्याला सगळे वावटळ म्हणायचे. तो एखाद्याच्या केबिनमध्ये शिरला की टेबलावरचे कागद उडायचे, चहाचा कप कलंडायचा आणि समोरच्याने "या, बसा" म्हणायच्या आत ह्याची चार वाक्यं बोलून झालेली असायची. नाव ठेवणाऱ्यांनी ते काही कौतुकाने ठेवलं नव्हतं. त्याला मात्र ते बेहद्द आवडायचं. आपला धंदाच हवेचा, मग नाव हवेतलं असायला काय हरकत आहे?

धंदा खरोखरच हवेचा होता. वीजकेंद्रातलं मोठं गॅस टर्बाइन सेकंदाला अर्धा टन हवा गिळतं. ही हवा स्वच्छ लागते, कारण धूळ आत गेली की पात्यांवर पुटं चढतात आणि मशीन गॅस तेवढाच खातं, पण वीज कमी देतं. म्हणून हवा जिथून आत शिरते तिथे एक उंच फिल्टरघर असतं आणि त्यात शेकडो फिल्टरांची भिंत. ते फिल्टर विकायचं काम वावटळचं.

"सहाशे चाळीस फिल्टर!" एका सोमवारी त्याने मॅनेजरसमोर जाहीर केलं. "अख्खी भिंत बदलणार ते! ऑर्डर खिशात आली असं समजा!"

"सही झाली?" मॅनेजरनी वर न बघता विचारलं.

"सहीचं काय, व्हायचीच आहे! त्यांच्या टर्बाइनचा जोर तीन वर्षांत पार उतरलाय. आता बघा, मोठ्या भोकांचे फिल्टर घातले तर धूळ आत जाते, फार बारीक भोकांचे घातले तर मशीनचा जीव गुदमरतो. मग कुठले घालायचे? धूळ ओळखायची आणि मग ठरवायचं! समुद्राकाठी मीठ, खाणीजवळ दगडाची भुकटी. डॉक्टर रक्त तपासतो ना, तशी मी त्यांची धूळ तपासून आणणार. रिपोर्ट समोर टाकला की बिशाद आहे कोणाची नाही म्हणायची!"

"टाक. पण टाकायच्या आधी वाच," मॅनेजर म्हणाले. "पहिल्या पानानंतरही पानं असतात."

वावटळ तोपर्यंत दाराबाहेर गेला होता. दोन कागद त्याच्यामागून उडत गेले.

त्याच दिवशी तो वीजकेंद्रात पोचला, हेल्मेट चढवून फिल्टरघराच्या लोखंडी जिन्याने वर गेला आणि बदलायला काढलेला एक जुना फिल्टर त्याने असा काही बडवला की खालचे लोक वर बघायला लागले. राखाडी, मऊसूत धूळ पडली. ती त्याने घरून आणलेल्या डबीत भरली. डबी सासूबाईंची होती. त्या चेहऱ्याला लावायची माती वापरायच्या, तिची रिकामी झालेली. आपल्या हुशारीवर तो खूश झाला. रिकामी डबी म्हणजे कचरा, आणि बघा, विज्ञानाच्या कामी आली!

संध्याकाळी तो घरी आला तो डोक्यापासून पायापर्यंत राखाडी होऊन.

"तिथेच थांब!" बायको दारातच ओरडली. "गालिच्यावर पाऊल टाकलंस तर याद राख! सरळ बाथरूममध्ये!"

तो सरळ बाथरूममध्ये गेला. डबी फळीवर ठेवली, अंघोळ केली, जेवला, झोपला. आता त्या फळीवर सासूबाईंची नवी कोरी डबीही होती. तेच झाकण, तोच रंग, आणि आतली माती? तीही राखाडीच! पण वावटळ फळीकडे बघतोय कशाला? सकाळी कानाला फोन, एका पायात बूट, अशा अवस्थेत त्याने हात लांब करून एक डबी उचलली आणि प्रयोगशाळेकडे कुरिअर करून टाकली.

सासूबाई महिनाभर लेकीकडे राहायला आल्या होत्या. शाळेतल्या मैत्रिणी चाळीस वर्षांनी भेटणार होत्या आणि त्यासाठी त्यांची कसून तयारी चालू होती. सकाळी व्यायाम, रात्री बिनसाखरेचं दूध आणि दुपारी वीस मिनिटं चेहऱ्याला माती.

"ह्या खेपेची माती काय सुंदर आहे हो जावईबापू!" दोन दिवसांनी त्या जेवताना म्हणाल्या. "पिठासारखी बारीक! लावली की अशी चिकटते, धुतली तरी सोडत नाही!"

"वा वा, छान," फोनमध्ये डोकं घालून वावटळ म्हणाला.

आठव्या दिवशी रिपोर्ट आला. पहिल्या पानावर लिहिलं होतं, 'कण अत्यंत बारीक. चिकटण्याचा गुण जास्त.' वावटळने खुर्चीतच उडी मारली. बारीक आणि चिकट! म्हणजे सगळ्यात भारी फिल्टर! पुढची पानं उलटायची गरजच काय? त्याने रिपोर्टच्या पाच प्रती काढल्या आणि दुसऱ्या दिवशी वीजकेंद्राच्या मीटिंगमध्ये जाऊन बसला.

समोर दोघं होते. एक चीफ मॅडम, म्हणजे केंद्राच्या मुख्य इंजिनिअर. बोलायच्या कमी, आणि हातात आलेला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायच्या. शेजारी मोठे साहेब, केंद्राचे प्रमुख, दोन महिन्यांत निवृत्त होणारे, पांढऱ्या मिश्यांचे, शांत गृहस्थ. सही त्यांची लागणार होती.

वावटळ अर्धा तास बोलला. हातवारे असे की पाण्याची बाटली दोनदा पडली. "साहेब, ही साधीसुधी धूळ नाही! ही लबाड धूळ आहे! तुमच्या जुन्या फिल्टरांना गुंगारा देऊन आत घुसते आणि पात्यांना मिठी मारून बसते!"

"पान तीन," चीफ मॅडम म्हणाल्या.

"हो, पान तीन! अत्यंत महत्त्वाचं पान!"

"त्यात लिहिलंय, 'बारीक चिकणमाती सत्तर टक्के. गुलाबपाकळ्यांची भुकटी वीस टक्के. उरलेला भाग कोरफड.'" मॅडमनी चष्मा वर केला. "माझ्या टर्बाइनच्या हवेत गुलाब कुठून आले?"

वावटळने घाईघाईने पान तीन उघडलं. खरंच लिहिलं होतं! गुलाब! कोरफड! पण गप्प बसला तर तो वावटळ कसला?

"मॅडम, रिपोर्ट कधी खोटं बोलत नाही. आसपास गुलाबांची बाग वगैरे आहे का? बास, तिथूनच! पाकळ्या वाळतात, त्यांचा चुरा होतो, मशीन तो ओढून घेतं!"

चीफ मॅडम मोठ्या साहेबांकडे बघायला लागल्या. मोठे साहेब खिडकीकडे बघायला लागले. वावटळनेही खिडकीबाहेर पाहिलं. ज्या फिल्टरघरावर तो त्या दिवशी इकडेतिकडे न बघता चढला होता, त्याच्याच पायथ्याशी गुलाबांची बाग होती. लाल, पिवळे, पांढरे, शेंदरी, दोनशेच्या वर झाडं, डोळ्यांचं पारणं फिटावं अशी!

"बारा वर्षांपूर्वी मी आणि माळीकाकांनी लावली," मोठे साहेब हळू आवाजात म्हणाले. "आधी तिथे भंगार पडलेलं असायचं. रोज सकाळी ऑफिसात यायच्या आधी मी तिथे एक चक्कर मारतो."

"साहेब, म्हणजे मला तसं म्हणायचं..."

"नाही, तुम्ही तुमचं काम चोख केलंत." ते उठले. "केंद्र आधी, माझी हौस मागून. माझ्या बागेमुळे मशीन आजारी पडलं असेल तर बाग आजच निघेल. फिल्टरांच्या कागदांवर जेवणानंतर सही करतो."

सही! वावटळला उड्या माराव्याशा वाटायला हव्या होत्या. पण त्याची नजर खिडकीबाहेरच्या गुलाबांवरून हलेना. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. बायको. तो बाहेर पळाला.

"आईच्या चेहऱ्याला काय झालंय बघ!" बायको रडकुंडीला आली होती. "राखाडी पडलाय! साबणाने जात नाही, दुधाने जात नाही! दुपारी तिच्या मैत्रिणी भेटणारेत! आणि त्या मातीला वास येतोय रे, पेट्रोल पंपासारखा! नवी डबी आहे, सुगंधी गुलाबाची म्हणून मी स्वतः आणली होती!"

"गुलाबाची?" वावटळचा आवाज चिरकला. "कोरफड पण आहे का त्यात?"

"आहे ना! तुला कसं माहीत?"

वावटळ भिंतीला टेकला. सगळं लख्ख दिसलं. प्रयोगशाळेत गेली सासूबाईंची माती, आणि सासूबाई आठ दिवस चेहऱ्याला टर्बाइनची धूळ थापतायत!

जिन्याजवळच्या उघड्या खिडकीतून बाग दिसत होती. मोठे साहेब तोवर खाली पोचले होते. माळीकाका हातात कुदळ घेऊन उभे होते. साठीचा वाळका माणूस, कुदळीच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून. "साहेब, कुठलं आधी काढू?" ते विचारत होते. मोठे साहेब पाठ फिरवून म्हणाले, "तुम्हीच ठरवा. मला बघवत नाही."

आता गप्प राहायचं तेवढंच काम होतं. जेवणापर्यंत! सहाशे चाळीस फिल्टर, वर्षाची सगळ्यात मोठी ऑर्डर, बढतीसुद्धा. कोणाला कधी कळलं असतं? वावटळने डोळे मिटले. उघडले. माळीकाकांनी कुदळ उचलली होती.

"थांबा!"

तो जिन्यावरून दोन दोन पायऱ्या उतरत सुटला, फुलझाडाच्या आळ्यात पाय अडकून सपशेल आडवा झाला आणि आडव्यानेच ओरडला, "गुलाबांना हात लावू नका! ते गुलाब ह्या बागेतले नाहीत! माझ्या सासूबाईंचे आहेत!"

माळीकाकांनी कुदळ खाली ठेवली. ह्या माणसाला ऊन लागलं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. चीफ मॅडमही मागून येऊन पोचल्या. वावटळने उठून, कपडे झटकत, डबीपासून फोनपर्यंत सगळं सांगून टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा तो सावकाश बोलला.

"म्हणजे," चीफ मॅडमनी विचारलं, "माझ्या टर्बाइनची धूळ ह्या क्षणी तुमच्या सासूबाईंच्या चेहऱ्यावर आहे?"

"हो मॅडम. रोज वीस मिनिटं."

मॅडमचे ओठ हलले. मग खांदे. आणि मग ती कमी बोलणारी बाई पोट धरून अशी हसली की मोठे साहेबही डोळे पुसता पुसता हसायला लागले. "काका," ते म्हणाले, "आता बघत काय उभे राहिलात? पाणी घाला झाडांना!"

माळीकाकांना तेच हवं होतं. त्यांनी आळ्यात पडलेला पाण्याचा पाइप उचलला आणि ओढला. पाइप कुठे जातोय म्हणून चीफ मॅडमनी सहज नजर फिरवली. पाइप बागेतून निघाला होता, भिंतीवरून वर चढला होता, लोखंडी जिन्याला गुंडाळला होता आणि फिल्टरघराच्या दारातून आत गेला होता. मॅडमचं हसू एका झटक्यात मावळलं. त्या धावतच जिना चढल्या. मागे वावटळ, मागे मोठे साहेब.

ते फिल्टरांच्या पलीकडचं दार होतं, जिथून हवा गाळून झाल्यावर थेट मशीनकडे जाते. आत पाती धुण्यासाठीचा पाण्याचा नळ होता. पाइप त्या नळाला लावलेला होता. मशीन दाराला आत ओढत होतं, दार बंद व्हायला बघत होतं, पण मध्ये पाइप! आणि पाइप दबू नये म्हणून शेजारी अर्धी वीट! चार बोटांची फट पडली होती आणि तिच्यातून वारा शीळ घालत आत चालला होता. अलीकडे सहाशे चाळीस फिल्टर भिंत करून उभे, आणि शेजारी दार मोकळं!

"काका!" मॅडमनी वरून हाक मारली. "हा पाइप इथे किती दिवस आहे?"

"दिवस कुठले बाई, तीन वर्षं झाली!" काका खालून अभिमानाने म्हणाले. "खालच्या नळाला धार नव्हती. ह्याचं पाणी एकदम स्वच्छ! म्हणून तर फुलं एवढी टवटवीत!"

मोठे साहेब जिन्यावरच बसले.

पाइप निघाला, वीट निघाली, दाराची मोडकी कडी बदलली, मशीन धुतलं गेलं, आणि टर्बाइन पूर्वीसारखं तडाखेबंद वीज द्यायला लागलं. काकांना बागेतच नवा नळ मिळाला. सासूबाईंनी त्या दुपारी मोठा काळा चष्मा आणि रुमाल लावून मैत्रिणींची भेट निभावून नेली आणि पुढचे चार दिवस जावयाशी एक शब्द बोलल्या नाहीत. जावयाने आठ निरनिराळ्या मात्यांच्या डब्या आणून दिल्या, आणि प्रत्येक डबीवर नाव लिहून दिलं, तेव्हा कुठे त्यांचा राग निवळला. डबीत उरलेली धूळ चीफ मॅडमनी मागवून घेतली आणि तपासायला पाठवली.

तीन आठवड्यांनी वीजकेंद्रातून मॅनेजरच्या नावाने पत्र आलं. त्यांनी सगळ्या स्टाफला बोलावलं, वावटळला पुढे उभं केलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं.

"'आपल्या प्रतिनिधीच्या अमोल मदतीमुळे आमची गेलेली वीज परत आली. धुळीच्या फेरतपासणीत आमचे सध्याचे फिल्टर उत्तम असल्याचे सिद्ध झाले आहे. त्यामुळे पुढील तीन वर्षे आम्हांला आपल्याकडून एकही फिल्टर घेण्याची गरज भासणार नाही. आपल्या प्रतिनिधीचे मनःपूर्वक अभिनंदन!'"

मागे कोणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मॅनेजरनी चष्म्यावरून बघितलं. टाळ्या थांबल्या.

"अजून किती गिऱ्हाइकांना अशी मदत करायचा विचार आहे?" त्यांनी विचारलं.

वावटळने खाली बघितलं, घसा खाकरला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "तशी दोन ठिकाणी बोलणी चालू आहेत, सर."