आयोडीनला मुंग्या

तुमच्यापासून काय लपवायचं! मी फक्त बायकोचा चष्मा लपवायला स्टुलावर चढलो होतो. (वय एकाहत्तर, शिक्षण सातवी, तीही दोनदा.) आमच्या पुढच्या खोलीत तिची रक्त-थुंकी तपासायची लॅब. चष्मा कपाटावर ठेवला, स्टूल डुगडुगलं, आणि मी आयोडीनच्या बाटलीसकट खाली! थोडं आयोडीन खरचटलेल्या गुडघ्याला लागलं, बाकीचं फरशी प्यायली.

बाटली रिकामी दिसली की बोंब होणार. म्हणून तोच रंग शोधला. ग्लासात कोल्ड्रिंक उरलं होतं. ओतलं, बूच लावलं. हुबेहूब!

दुसऱ्या दिवशी परवान्याच्या बाई तपासणीला हजर. त्यांनी सोबत एक ओळखीचा जंतू आणलेला. रंगवल्यावर तो जांभळाच दिसायला हवा. आधी जांभळा रंग, मग आयोडीन, मग स्पिरिटनं धुवायचं, शेवटी गुलाबी. बायकोनं सगळं मन लावून केलं आणि काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली. गुलाबी! पुन्हा केलं. पुन्हा गुलाबी!

"तिसऱ्यांदाही असंच आलं, तर परवाना थांबवावा लागेल हं," बाई म्हणाल्या.

पंचवीस वर्षांची लॅब! बायको तिसरी काच पुसायला लागली. (मी आतल्या दाराच्या पडद्यामागून बघत होतो.) आता बाहेर जाऊन कबूल करावं म्हणून मी घसा खाकरतोय, तोच बाई म्हणाल्या, "ताई, आयोडीनला मुंग्या कधीपासून लागायला लागल्या?"

बुचाभोवती मुंग्यांची ही रांग! बायको हळूच पडद्याकडे वळली.

"अहो, बाहेर या. कालपासून लंगडताय ना? पायजमा वर करा."

"पाहुण्यांसमोर?"

"वर करा म्हणते ना!"

तपकिरी गुडघ्यानं सगळं सांगून टाकलं.

बाई हसून हसून खुर्चीत बसल्या. "अहो आजोबा, जांभळा रंग जंतूच्या आत धरून ठेवतं ते आयोडीन. ते नसलं की स्पिरिटबरोबर सगळा रंग वाहून जातो. तुमचं कोल्ड्रिंक काय धरणार?"

"मुंग्या," मी म्हणालो.

बायकोनं नवी बाटली फोडली. तिसरी काच. बाईंनी डोळा लावला, मी श्वास रोखला.

"जांभळा! द्राक्षाचा घोस नुसता! ताई, हात पक्का आहे तुमचा."

माझा जीव भांड्यात पडला. बायकोनं डोळे पुसले आणि (बाईंची पाठ वळताच) मला चिमटा काढला.

बाईंचा अहवाल बायकोनं भिंतीला लावलाय : "कामात दोष नाही. बिघाडाचे कारण : पती. थंड व कोरड्या जागी, प्रयोगशाळेबाहेर ठेवावे."

तेव्हापासून मी व्हरांड्यात असतो. जागा कोरडी आहे, तक्रार नाही. थंड मात्र नाही. पंखा आत आहे.